डायलिसिसवर असलेल्या रुग्णाची किडनी परत येईल का? लघवीवरून अंदाज बांधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: "नाशिकमध्ये माझे लहान आयसीयू आहे. निफाड तालुक्यातला ४२ वर्षांचा द्राक्षबागायतदार घोणस चावल्यानंतर सहा तासांनी दाखल झाला. एएसव्ही (सापाच्या विषावरचा उतारा) दिले, रक्ताची गोठण पूर्ववत झाली, पण लघवी कमी होत गेली. तिसऱ्या दिवसापासून दिवसाआड डायलिसिस चालू आहे. आज नववा दिवस, २४ तासांत ३५० मि.लि. लघवी, रक्तातले क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो कचरा) ५.८ मि.ग्रॅ. प्रति डे.लि. घरचे रोज विचारतात की किडनी परत येईल का, डायलिसिस कायमचे तर नाही ना. लघवीतले एनगॅल (किडनीला इजा झाली की वाढणारे प्रोटीन) मुंबईला पाठवावे का? पाठवले तर किती आले म्हणजे बरे समजायचे? सीसीएल-१४ नावाची नवी तपासणी ऐकली, तिचा उपयोग होईल का?"

डॉक्टर, आज एकदाच एनगॅल पाठवलेत तर नातेवाइकांना सांगता येईल असे काही त्यातून निघणार नाही. तो आकडा वाढलेलाच येईल. आठवडाभर डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या किडनीतल्या बारीक नलिकांना इजा झालेली आहे हे कळायला किट लागत नाही. तुम्हाला हवी आहे ती दिशा. ती दिशा लघवीतून कळते, पण ती कळायला मोजपात्र, घड्याळ, सेंट्रिफ्यूज आणि साधे क्रिएटिनिन एवढे पुरते. एनगॅलला त्यात जागा आहे, पण ती दुय्यम.

गोंधळ होतो तो तीन वेगळे प्रश्न एकात मिसळल्यामुळे. पहिला: इजा नुकतीच झाली आहे, ती वाढत जाईल की दोन-तीन दिवसांत आवरेल? दुसरा: डायलिसिस चालू आहे, ते सुटेल का आणि कधी? तिसरा: सुटल्यावर तीन महिन्यांनी, वर्षाने किडनी किती उरलेली असेल? प्रत्येक मार्कर (इजेची खूण देणारा लघवीतला किंवा रक्तातला पदार्थ) यांतल्या एखाद्याच प्रश्नासाठी तपासून पाहिलेला असतो. तुमचा रुग्ण दुसऱ्या प्रश्नावर उभा आहे आणि ज्या तपासण्यांची नावे कानावर पडतात त्या बहुतेक पहिल्या प्रश्नाच्या आहेत.

लघवीतल्या टिम्प-२ आणि आयजीएफबीपी-७ या दोन प्रोटीनांचा गुणाकार करणारी चाचणी अमेरिकेत २०१४ मध्ये मान्य झाली. तिचे उंबरठे ०.३ आणि २.०. पुढच्या १२ तासांत मध्यम किंवा तीव्र इजा होण्याचा धोका किती, एवढेच ती सांगते. नवव्या दिवशी तिला विचारण्यासारखे काही उरलेले नाही. सीसीएल-१४ ची गोष्ट जरा वेगळी, कारण ती खरोखर 'बरे न होण्या'साठी शोधली गेली. २०२० च्या रुबी अभ्यासात आयसीयूतले, किडनीच्या इजेच्या तीन टप्प्यांपैकी दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याचे ३३१ रुग्ण घेऊन पाहिले की तिसऱ्या टप्प्याची इजा ७२ तास किंवा अधिक कोणाची टिकते. वक्राखालचे क्षेत्र (चाचणीचा अचूकपणा; १ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे नाणेफेक) ०.८३ आले. या कामासाठी हे चांगलेच म्हणायचे. १.३ नॅनोग्रॅम प्रति मि.लि. हा संवेदनशील उंबरठा (धोक्यातले रुग्ण सहसा सुटू न देणारा), १३ हा विशिष्ट उंबरठा (उगाच धोका न दाखवणारा). पण तुमच्या रुग्णाची इजा ७२ तास टिकलेली आहेच. ज्या प्रश्नाचे उत्तर समोर खाटेवर दिसते आहे, तो प्रश्न लॅबला विचारून काय मिळणार? ही तपासणी रोजच्या लॅबमध्ये सहज मिळतही नाही. किम-१, आयएल-१८, एल-एफएबीपी या इतर मार्करांबद्दल या टप्प्यावर वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

फ्युरोसेमाइड (लॅसिक्स, लघवी वाढवणारे औषध) देऊन किती लघवी होते ते बघायची स्ट्रेस टेस्टही पहिल्याच प्रश्नाची आहे, पण पुढच्या रुग्णासाठी ती लक्षात ठेवा. कोणत्याही मार्करपेक्षा स्वस्त आहे आणि निकाल दोन तासांत मिळतो. रुग्ण कोरडा (अंगात पाणी कमी असलेला) नसावा, ही पहिली अट. आधी फ्युरोसेमाइड मिळाले नसेल तर किलोला १ मि.ग्रॅ., मागच्या आठवड्यात मिळाले असेल तर १.५ मि.ग्रॅ. ७० किलोच्या माणसाला ७० किंवा १०५. मिनिटाला ४ मि.ग्रॅ.पेक्षा वेगाने देऊ नका, म्हणजे ७० मि.ग्रॅ.ला साधारण १८ मिनिटे लागतात. घाईने ढकलले आणि जोडीला अमिकासिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर कान जातो. पहिल्या दोन तासांत २०० मि.लि.पेक्षा कमी लघवी झाली तर तिसऱ्या टप्प्याकडे जाण्याची शक्यता मोठी. २०१३ च्या मूळ अभ्यासात रुग्ण फक्त ७७ होते, संवेदनशीलता ८७ टक्के आणि विशिष्टता ८४ टक्के होती. जितकी लघवी होईल तितके सलाइन सहा तास परत द्यायचे, पाणी काढायचेच असेल तर नाही. इथे बहुतेकदा चुकते ते असे: रुग्णाला कॅथेटर नसते, दोन तासांनी 'साधारण ग्लासभर झाली' असे कोणीतरी सांगते आणि तेवढ्यावर निर्णय होतो.

आता तुमच्या रुग्णाकडे येऊ.

सर्वांत आधी रोजची एकूण लघवी बघा. आजचा ३५० हा आकडा एकटा निरुपयोगी आहे. काल आणि परवा किती होती? १२०, २१०, ३५० अशी चढत आली असेल तर ही आजची सर्वांत चांगली बातमी. ४००, ३८०, ३५० अशी उतरत असेल तर चित्र उलटे. लघवी पिशवीवरच्या रेघांवरून वाचू नका. त्या रेघा अंदाजाच्या असतात आणि पिशवी तिरकी टांगलेली असली की आणखी चुकतात. प्लॅस्टिकच्या मोजपात्रात ओतून, रोज सकाळी सहाला, एकाच माणसाने नोंद करायची. नळीच्या वळणात (लूपमध्ये) साठलेली लघवी आधी पिशवीत उतरवायची. नळीत ३०-४० मि.लि. अडकलेली असते आणि ३५० मध्ये तेवढा फरक म्हणजे दहा टक्के.

डायलिसिस कधी सुटेल याचा सर्वांत भरवशाचा अंदाज अजूनही लघवीच्या प्रमाणावरूनच बांधता येतो. सलग चालणाऱ्या डायलिसिसवरच्या रुग्णांच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात (२००९) लघवी वाढवणारे औषध न देता दिवसाला सुमारे ४३६ मि.लि. आणि औषध देऊन सुमारे २,३३० मि.लि. हे उंबरठे निघाले. या दोन आकड्यांतले अंतर बघा. लॅसिक्स चालू ठेवून लघवी ८०० झाली म्हणून आनंद करण्यात अर्थ नाही, आणि औषधाशिवाय ४५० झाली तर ती किरकोळ समजू नका. म्हणून माझा आग्रह असा की अंदाज बांधायचा असेल त्या दोन-तीन दिवसांत फ्युरोसेमाइड थांबवा. फुप्फुसात पाणी असेल तर गोष्ट वेगळी.

पण लघवी सुटली म्हणजे किडनी सुटली असे नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. नलिका बऱ्या होऊ लागताना पाणी आधी सुटते, गाळण्याचे काम मागाहून येते. समजा पुढच्या आठवड्यात त्याला दिवसाला ३ लिटर लघवी होऊ लागली. लघवीतले क्रिएटिनिन फक्त १२ आणि रक्तातले ६. तीन लिटर म्हणजे मिनिटाला २.०८ मि.लि.; १२ गुणिले २.०८ भागिले ६ म्हणजे क्लिअरन्स (मिनिटाला किती मि.लि. रक्त क्रिएटिनिनपासून साफ होते) जेमतेम ४. घरचे पेढे वाटायच्या तयारीत असतात आणि किडनीने जवळजवळ नुसते पाणी सोडलेले असते. म्हणून प्रमाणाच्या जोडीला वेळ लावून केलेला क्लिअरन्स हवाच.

तो कधी करायचा? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एटीएन नावाच्या अभ्यासात पद्धत अशी होती: लघवी तासाला ३० मि.लि.च्या वर गेली की सहा तासांची लघवी गोळा करायची. क्लिअरन्स २० मि.लि. प्रति मिनिटाच्या वर असेल तर डायलिसिस थांबवायचे, १२ च्या खाली असेल तर चालू ठेवायचे, मधल्या पट्ट्यात डॉक्टरांनी ठरवायचे. तुमच्या रुग्णाची लघवी आज तासाला १५ मि.लि.सुद्धा नाही, तेव्हा आज सहा तासांचा खटाटोप नको. हिशेब न करताही उत्तर ठरलेले आहे: दोन-तीन मि.लि.च्या आसपास. तासाला ३० ओलांडली की सुरुवात करा आणि मग दर दोन दिवसांनी करा.

पद्धत सोपी आहे, चुका मात्र खूप होतात. दिवस निवडताना पुढच्या डायलिसिसच्या अगदी आधीचा सहा तासांचा काळ घ्या, सकाळी सहा ते बारा. सहा वाजता पिशवी आणि नळी पूर्ण रिकामी करा, ती लघवी टाकून द्या, नेमकी वेळ लिहा. कॅथेटर काढलेले असेल तर रुग्णाला सहाला लघवी करायला लावून ती टाकायची आणि बाराला पुन्हा करायला लावून ती धरायची. सहाला आणि बाराला रक्तातले क्रिएटिनिन घ्या, दोन्हींची सरासरी काढा. बाराला सगळी लघवी मोजपात्रात मोजा, ढवळा, त्यातली १० मि.लि. क्रिएटिनिन आणि युरियासाठी पाठवा. मग लघवीतले क्रिएटिनिन गुणिले मिनिटाला होणारी लघवी, भागिले रक्तातले क्रिएटिनिन.

उदाहरण घेऊ. ३०० मि.लि., लघवीतले क्रिएटिनिन ६०, रक्तातले सरासरी ५. तीनशे भागिले ३६० म्हणजे मिनिटाला ०.८३, क्लिअरन्स १०. डायलिसिस चालू. दोन दिवसांनी ५६० मि.लि., लघवीतले ७२, रक्तातले ५.४; क्लिअरन्स साधारण २१. थांबवा. दुसऱ्या वेळी रक्तातले क्रिएटिनिन ५ वरून ५.४ झालेले आहे, म्हणजे नुसता रक्ताचा कागद बघणारा म्हणेल की रुग्ण बिघडला. हा विरोधाभास दर आठवड्याला कुठे ना कुठे घडतो आणि बऱ्या होणाऱ्या किडनीला दोन-तीन जास्तीची डायलिसिस मिळतात.

आता काय काय चुकते ते. सहाची लघवी टाकायची राहिली आणि आधीचे १०० मि.लि. मिसळले, तर पहिल्या उदाहरणात ३०० चे ४०० होतात आणि क्लिअरन्स १० ऐवजी १३.३ येतो, बाराच्या वर गेल्यामुळे निर्णय बदलतो. रक्त डायलिसिस संपल्यावर लगेच घेतले तर ५ ऐवजी ३ येते आणि तोच क्लिअरन्स १६.७ दिसतो. रुग्ण तोच, किडनी तीच. तिसरी चूक लॅबमधली: लघवी यंत्रावर लावण्याआधी पातळ करतात आणि निकालाला तेवढ्या पटीने गुणायचे विसरतात. लघवीतले क्रिएटिनिन १ किंवा २ आले तर फोन करा. किडनी कितीही थकली तरी लघवीतले क्रिएटिनिन रक्तातल्यापेक्षा कमी असायचे कारण नाही. चौथी: कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक चालू असेल तर नलिकेतून होणारा क्रिएटिनिनचा स्राव अडतो आणि रक्तातला आकडा किडनी न बिघडताही वर जातो. पाचवी चूक हळूच शिरते: तीन-चार आठवडे पडून असलेल्या रुग्णाचे स्नायू झिजतात, क्रिएटिनिन तयारच कमी होते, आणि रक्तातला आकडा घसरला म्हणजे किडनी सुधारली असा समज होतो. गोळा केलेल्या लघवीचा क्लिअरन्स या सापळ्यातून बराचसा वाचवतो. अशा रुग्णात युरियाचाही क्लिअरन्स काढून दोघांची सरासरी घ्या. क्रिएटिनिनचा क्लिअरन्स खऱ्या गाळण्यापेक्षा जास्त दाखवतो, युरियाचा कमी. सरासरी मधोमध येते.

दुसरी गोष्ट जी आजच करता येईल, ती म्हणजे लघवीचा गाळ स्वतः बघणे. यंत्राच्या छापील रिपोर्टवर विसंबू नका, कास्ट (नलिकेत गोठून तिच्याच आकाराच्या झालेल्या कांड्या) आणि नलिकेच्या पेशी यंत्राला नीट ओळखता येत नाहीत. नमुना पिशवीतला नको, कॅथेटरच्या पोर्टमधून ताजा घ्या. १० मि.लि. टोकदार नळीत, सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला १,५०० ते २,००० आवर्तनांवर पाच मिनिटे. वरचे पाणी ओतून तळाशी अर्धा मि.लि. ठेवा, नळीला हलक्या टिचक्या मारा, एक थेंब, वर कव्हरस्लिप. मायक्रोस्कोपाचा कंडेन्सर (प्रकाश एकवटणारे भिंग) खाली करून प्रकाश मंद करा, नाहीतर कास्ट दिसतच नाहीत. १० च्या भिंगाने कव्हरस्लिपच्या कडा फिरा, कास्ट तिकडे सरकतात. मग ४० च्या भिंगाने पेशी मोजा. दोन तासांच्या आत बघा, तासाच्या आत झाले तर उत्तम. लघवी अल्कलाइन असेल तर कास्ट विरघळतात. फ्रीजमध्ये ठेवली तर युरेट-फॉस्फेटचा चुरा बसतो आणि सगळेच मातकट दिसते. एप्रिल-मेमध्ये निफाडहून किंवा सटाण्याहून दुचाकीवर बाटली शहरात येईपर्यंत त्या नमुन्यात बघण्यासारखे काही उरत नाही. मायक्रोस्कोप खाटेजवळ आणा, रुग्णाची लघवी मायक्रोस्कोपाकडे नेऊ नका.

मोजणीची एक साधी पद्धत आहे: नलिकेच्या पेशी ४० च्या भिंगात एकही नाही तर शून्य गुण, १ ते ५ ला एक, ६ किंवा जास्तीला दोन, दाणेदार कास्ट १० च्या भिंगात त्याच हिशेबाने. एकूण जितके जास्त, तितकी इजा वाढण्याची शक्यता जास्त. पण हा गुणांकही इजेच्या सुरुवातीसाठी आहे. नवव्या दिवशी त्याचा उपयोग वेगळा: नुसती नलिकांची झीज आहे की अजून काही चालू आहे, हे कळते. मातकट तपकिरी कास्ट भरपूर असतील तर नलिकांचे नेक्रोसिस (पेशी मरणे), आणि ते बहुतांशी एक ते तीन आठवड्यांत भरून येते. त्याऐवजी वेड्यावाकड्या आकाराच्या लाल पेशी, लाल पेशींचे कास्ट किंवा भरपूर प्रोटीन दिसले तर ग्लोमेरुलसच्या (किडनीतल्या गाळणीच्या) आजाराचा विचार करा. पांढऱ्या पेशींचे कास्ट असतील आणि दरम्यान पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा पँटोप्राझोल चालू असेल तर औषधामुळे झालेला इंटरस्टिशियल नेफ्रायटिस (नलिकांभोवतीच्या भागाचा दाह) शोधा. तिथे वाट बघत बसणे हाच गुन्हा. आणखी एक: प्रवाह पुन्हा सुरू होताना अडकलेले कास्ट धुऊन बाहेर पडतात. लघवी वाढत असताना एक-दोन दिवस गाळ अचानक घाण दिसला तर घाबरू नका, प्रमाण आणि क्लिअरन्स काय म्हणतो ते बघा.

घोणस म्हटल्यावर एक भीती वेगळी ठेवावी लागते: कॉर्टेक्सचे नेक्रोसिस, म्हणजे किडनीचा बाहेरचा थरच मरणे. त्यात रुग्णाला बहुतेकदा लघवी जवळजवळ नसतेच, आणि लघवी नाही म्हणजे लघवीतले मार्करही नाहीत. तुमच्या रुग्णाला ३५० होते आहे, हे त्याच्या बाजूने आहे. पण एखाद्याला ५०-६० मि.लि.च होत असेल आणि तीन आठवडे झाले असतील, तर मार्कर शोधत बसण्यापेक्षा कॉर्टेक्समध्ये रक्त जाते की नाही हे चित्रातून बघा किंवा बायोप्सी करा. तोवर प्लेटलेट, एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारे एन्झाइम) आणि रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला थेंब) पुन्हा एकदा बघा; तुटक्या लाल पेशी आणि खाली राहिलेले प्लेटलेट म्हणजे बारीक वाहिन्यांतल्या गुठळ्या. त्या असतील तर बरे होण्याचा अंदाज सावधपणेच सांगावा.

नाशिक जिल्ह्यात एकाच नियमाने सगळे रुग्ण मोजता येत नाहीत, हे मुद्दाम सांगतो. इगतपुरी-त्र्यंबककडून भात लावणीच्या दिवसांत येणारा लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) रुग्ण घ्या. त्याला बहुतेकदा पहिल्या दिवसापासून लघवी भरपूर असते आणि पोटॅशियम उलट कमी असते; प्रमाणावरून तो बरा आहे असे वाटेल, पण नाही. त्याच्यात प्रमाण सोडून क्लिअरन्सच बघायचा. त्यात कावीळ असली की दोन गोष्टी फसवतात: बिलिरुबिन जास्त असताना जाफे या रंगावर चालणाऱ्या पद्धतीने क्रिएटिनिन खोटे कमी येते (एन्झाइम पद्धतीने मागा), आणि पित्ताने रंगलेले दाणेदार कास्ट व नलिकेच्या पेशी किडनीला फारशी इजा नसतानाही दिसतात. दुसरा रुग्ण बोर्डो मिश्रणासाठी आणलेले मोरचूद प्यायलेला. त्याच्या लाल पेशी फुटतात, लघवी कोकाकोलासारखी होते. स्ट्रिपवर रक्त तीन प्लस आणि मायक्रोस्कोपखाली लाल पेशी एकही नाही, ही त्याची खूण. अशा रंगलेल्या लघवीत स्ट्रिपवरचे प्रोटीन आणि रंगावर चालणाऱ्या इतर तपासण्या बेभरवशाच्या. सोडियमचे फ्रॅक्शनल एक्स्क्रीशन (गाळलेल्या सोडियमपैकी लघवीत किती टक्के जाते) त्याच्यात १ टक्क्याच्या खाली येऊ शकते आणि 'हा तर नुसता कोरडा आहे' असे वाटून सलाइनचा मारा होतो. तुमच्या घोणसवाल्या रुग्णातही सुरुवातीला लाल पेशी किंवा स्नायू फुटलेले असू शकतात, तेव्हा पहिल्या दिवसांचे ते आकडे असतील तर त्याच नजरेने वाचा.

आता एनगॅल. तरीही करायचेच असेल, तर नीट करा. हे २५ किलोडाल्टनचे लहान प्रोटीन इजा झालेल्या नलिका सोडतात, पण ते मुळात न्यूट्रोफिलच्या दाण्यांतही भरलेले असते. त्यामुळे लघवीत पू असेल, कॅथेटरचा जंतुसंसर्ग असेल, सेप्सिस असेल, तर किडनी सुधारत असतानाही आकडा वर राहतो. म्हणून त्याच नमुन्यात आधी पांढऱ्या पेशी बघा. भरपूर असतील तर एनगॅल पाठवूच नका, पैसे वाचवा. नसतील तर नमुना लगेच सेंट्रिफ्यूज करून वरचे पाणी दुसऱ्या नळीत काढा आणि तेच पाठवा. गाळासकट गोठवलेत तर पेशी फुटून त्यांच्यातले एनगॅल त्यात मिसळते आणि कसारा घाट उतरण्याआधीच तुमचा आकडा वाढलेला असतो. बर्फात ठेवा, पण किती तास चालते हे ज्या लॅबकडे पाठवणार तिच्या किटच्या पत्रकावरून विचारून घ्या; सगळ्या किटचे सारखे नसते.

किती आले म्हणजे बरे, याला एक आकडा नाही. १५० नॅनोग्रॅम प्रति मि.लि. हा उंबरठा वारंवार ऐकू येतो, पण तो इजा ओळखण्यासाठीचा आहे, डायलिसिस सुटेल का हे सांगण्यासाठीचा नाही. बरे होण्याबद्दल नेमके पाहिलेला एक अभ्यास २०११ चा आहे: डायलिसिसवरचे आयसीयूतले ७६ रुग्ण, लघवीचे नमुने पहिल्या दिवशी आणि मग आठवड्याच्या अंतराने. ज्यांचे लघवीतले एनगॅल आणि एचजीएफ (असाच आणखी एक मार्कर) पहिल्या १४ दिवसांत घसरत गेले, त्यांची किडनी ६० दिवसांपर्यंत परत येण्याची शक्यता जास्त निघाली. अभ्यास लहान आहे, तरी मुद्दा स्पष्ट आहे: उपयोगी ठरली ती घसरण. तेव्हा एक नमुना आज आणि दुसरा सात दिवसांनी, त्याच लॅबला, त्याच किटवर. दुसरा पाठवायचा खर्च परवडणार नसेल तर पहिलाही पाठवू नका.

आणि आकडा वाचताना लघवी किती पातळ होती हे विसरू नका. आज ३५० मि.लि. आणि आठवड्याने २ लिटर. तेवढेच एनगॅल सुटत असले तरी प्रति मि.लि. आकडा सहापटीने कमी दिसेल. क्रिएटिनिनने भागून हे सावरायचा प्रयत्न करतात, पण क्रिएटिनिनचे उत्सर्जनच रोज बदलत असलेल्या रुग्णात तो भागाकारही डळमळीत असतो. तुम्ही सहा तासांची लघवी गोळा करणारच आहात, त्यातूनच एनगॅलचा नमुना काढा आणि मिनिटाला किती नॅनोग्रॅम सुटले ते मांडा: एनगॅल गुणिले मिनिटाची लघवी. हा आकडा लॅब तुम्हाला देणार नाही, स्वतः काढावा लागेल. दोन ओळींचे गणित आहे.

या काळात अंदाज खोटा पाडणाऱ्या गोष्टी मात्र तुमच्याच हातात आहेत. डायलिसिसदरम्यान रक्तदाब कोसळला की बरी होणारी किडनी पुन्हा मार खाते. लघवी वाढू लागली की अल्ट्राफिल्ट्रेशन (डायलिसिसने पाणी काढणे) कमी करा. वजन वाढलेले नसेल तर पाणी काढूच नका. तीन लिटरच्या टप्प्यावर पोहोचला तर झालेल्या लघवीचे संपूर्ण नाही पण बरेचसे पाणी परत द्या आणि पोटॅशियम-मॅग्नेशियम दिवसातून एकदा तरी बघा. जखमेच्या दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन कोणी परस्पर लिहिलेले नाही ना, हे औषधांच्या कागदावर रोज तपासा. गावाकडचे कोणी भेटायला येताना अंगदुखीच्या गोळ्या घेऊन येते, तेही विचारा.

नातेवाइकांना आज काय सांगाल? लघवी चढती असेल, गाळात नलिकांचेच कास्ट असतील, प्लेटलेट सावरलेले असतील, तर 'येत्या दोन आठवड्यांत डायलिसिस सुटण्याची शक्यता चांगली आहे, पण तारीख सांगता येत नाही' एवढे सांगता येईल. टक्केवारी देऊ नका. ते विचारतील, तरी देऊ नका. तीन आठवडे झाले आणि क्लिअरन्स १० च्या खालीच असेल तर तोच संवाद बायोप्सीच्या दिशेने पुढे न्यायचा. ९० दिवसांपर्यंत ही 'बरी होऊ शकणारी' अवस्थाच धरतात, तोवर फिस्टुला (कायमच्या डायलिसिससाठी हातातल्या वाहिन्यांची जोडणी) करायची घाई नको. डायलिसिसवर घरी गेला तरी आठवड्याला एकदा डायलिसिसआधीचे क्रिएटिनिन आणि २४ तासांची लघवी चालू ठेवा. घरी पाच लिटरचा स्वच्छ कॅन द्या, सावलीत किंवा फ्रीजमध्ये ठेवायला सांगा. उन्हात राहिलेल्या लघवीत जंतू युरिया फोडतात आणि युरियाचा क्लिअरन्स खोटा कमी येतो.

तिसरा प्रश्न उरतो तो डायलिसिस सुटल्यानंतरचा, आणि त्याला महागडा मार्कर लागतच नाही. सकाळच्या पहिल्या लघवीतले अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर पुरे. असेस-एकेआय नावाच्या अमेरिकेतल्या पाहणीत (२०२०) रुग्णालयातून सुटल्यावर तीन महिन्यांनी हे गुणोत्तर जितके जास्त, तितकी पुढे किडनी ढासळण्याची शक्यता जास्त आढळली. गुणोत्तर दुप्पट झाले की धोका दीडपट. ३० मि.ग्रॅ. प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर वर्षातून एकदा बघा. ३० ते ३०० मध्ये असेल तर रक्तदाब कडक धरा आणि एसीई इनहिबिटर किंवा एआरबी या रक्तदाबाच्या औषधांचा विचार करा. ३०० च्या वर असेल तर नेफ्रॉलॉजिस्टकडे पाठवा. ताप असताना, लघवीचा संसर्ग असताना किंवा दिवसभर बागेत राबल्यावर हा नमुना घेऊ नका, खोटा वाढतो. तुमचा रुग्ण बरा वाटू लागला की निफाडला जाईल आणि ऑक्टोबर छाटणीत गुंतेल. 'तीन महिन्यांनी या' असे तोंडी सांगितलेले राहत नाही. डिस्चार्ज कार्डावर नेमकी तारीख लिहा, खाली 'पहिल्या लघवीची बाटली सोबत आणणे' असे लिहा, आणि बाटली त्याच दिवशी हातात द्या.